दोन गाण्यांचा सांधा

मी गाणी जुळवायला शिकले ती सुरतेत, बमरोली रोडच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. अजूनही तिथेच राहते. हे काम शिकणारा माणूस बाहेरून वेडा दिसतो. हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी कानामागे सरकवलेली, मान कलती आणि दोन हात दोन गोल चकत्यांवर. बाहेर स्पीकरवर एक गाणं चालू असतं, ते सगळ्यांसाठी. कानात दुसरं चालू असतं, ते फक्त आपल्यासाठी. कानातल्या गाण्याचा वेग कमीजास्त करून त्याचा ठेका बाहेरच्या ठेक्याला लावायचा, मग हळूच त्याला बाहेर आणायचं आणि पहिल्याला निरोप द्यायचा. नाचणाऱ्याचा पाय मध्येच अडखळला की सांधा फसला. एवढंच काम. सांगायला दोन मिनिटं लागतात. यायला मला दीड वर्ष लागलं, कारण मध्ये मी एक मूर्खपणा केला, आणि तो इतका आमच्या वस्तीतला आहे की दुसरीकडे कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायचे. त्यांचं खातं (लूमची शेड) मालकाने बंद केलं आणि जुने लूम भंगारात घातले, तेव्हा आई-वडील गावी परत गेले. मी गेले नाही. साड्यांवरच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवायची माझी नोकरी होती, वय सव्वीस होतं, लग्न झालेलं नव्हतं, आणि गावी जाऊन मी करणार काय हे मला कोणी सांगू शकत नव्हतं. आईने स्टेशनवर, गाडी सुटायच्या आधी, मुदतीची अट घातली. "पुढला सालनी लगीनसराईलोंग ऱ्हाय. मंग मी यीसू, देखसू. काही दम नही दिसना ते तुले घर लई जासू."

येऊन नेमकं काय बघणार, हे तिलाही माहीत नव्हतं. पण ती बोलली की करते. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली: आई येईल तेव्हा तिला दिसलं पाहिजे की ही मुलगी इथे काहीतरी करते आहे.

एम्ब्रॉयडरीत दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी बसवलेलं फूल कुठल्या साडीवर गेलं हे मलाच कळायचं नाही. पण आमच्या भागात एक साउंडवाले काका होते, धुळ्याकडचे, टेम्पोत मोठे स्पीकर घालून हळदी-लग्नं करणारे. त्यांच्या लॅपटॉपमधली गाणी मी नीट लावून द्यायचे. एकदा ते म्हणाले की हळदीच्या कार्यक्रमात बायकांना आता डीजे बाईच पाहिजे असते, बाप्ये टेबलामागे उभे राहून बघत राहतात ते पोरींना आवडत नाही. मी म्हटलं, मी शिकते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं जुनं कंट्रोलर, त्या दोन चकत्यांचं यंत्र, फडक्यात गुंडाळून माझ्या दारात आणून ठेवलं.

यंत्रावर एक बटन असतं. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप एक होतो. मी आनंदाने ते दाखवलं तर काकांनी नाक मुरडलं. "बटन आंधळं शे पोरी. ढोलकीवाला दुसरा कडवाले तापस. बटनले काय मालूम?"

त्यांचं बरोबर होतं. सिनेमाची आजची गाणी कॉम्प्युटरवर बनतात, त्यांचा ठेका शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. तिथे बटन चालतं. पण आमची खान्देशी लग्नाची गाणी माणसांनी वाजवलेली. ढोलकीवाला पहिल्या कडव्याला सावकाश असतो, दुसऱ्याला रंगात येतो आणि तिसऱ्याला पळत सुटतो. बटन सुरुवातीचे चार ठोके मोजतं आणि त्यांच्याच भरवशावर राहतं. हळदीत बायका नाचणार त्याच गाण्यांवर. तेव्हा कानाशिवाय इलाज नव्हता.

मी रोज संध्याकाळी सात ते साडेआठ सराव करायला लागले. पहिले काही महिने नुसता गोंधळ होता. दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालून पडायचे. त्यातला कोणता पुढे आणि कोणता मागे, हेच कळायचं नाही. बिघडलंय एवढं कळायचं. मला राग फार लवकर येतो. एकदा हेडफोन गादीवर इतक्या जोरात फेकला की त्याची एक बाजू निखळली, आणि मग तासभर मीच ती सेलोटेपने बांधत बसले. पण हळूहळू जमायला लागलं. मग बरंच जमायला लागलं. मी वेगाची पट्टी सरकवायचे, चकतीला बोटाने जरा टोचायचे, आणि दोन्ही ठेके एकावर एक जाऊन बसायचे.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिची मागची भिंत दुसऱ्या एका मालकाच्या लूमच्या खात्याची होती. भिंतीच्या पलीकडे, अगदी लागून, लूमची रांग. बाहेरून कोणी आलं की पहिल्यांदा कानावर हात ठेवायचं आणि ओरडून विचारायचं, इथे राहता कसे? आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. मी जन्मले त्या आवाजात. लहानपणी वीज जाऊन लूम थांबले की मी दचकून जागी व्हायचे आणि रडायचे, असं आई सांगते. उलट मला त्या आवाजाचा फायदाच होता. मी स्पीकर कितीही मोठा केला तरी शेजाऱ्यांना पत्ता लागत नसे.

आठवड्यातून एक दिवस सगळ्या भागाला रजा. त्या दिवशी खाती बंद, माझं ऑफिसही बंद. आजूबाजूच्या खोल्यांमध्ये पाळीवरून आलेली माणसं ओळीने झोपलेली असायची. अशा शांततेत स्पीकर लावला असता तर शिव्याच खाल्ल्या असत्या. म्हणून रजेच्या दिवशी मी यंत्राला हात लावत नसे. कपडे धुवायचे, डोकं धुवायचं आणि दुपारी आईशी तासभर फोनवर बोलायचं, हा रजेचा कार्यक्रम. मी तिच्याशी अर्धी अहिराणी, अर्धी शाळेतली मराठी बोलते आणि ती दोन्हीला नावं ठेवते. आठवड्यात माणसाशी झालेलं माझं तेवढंच लांब बोलणं.

त्या वर्षीची लगीनसराई सुरू झाली आणि काकांनी मला कामरेजच्या एका हळदीला नेलं. दुपारचे चार वाजले होते. हायवेपासून आत एक सोसायटी, तिच्या पलीकडे उसाची शेतं, मोकळ्या जागेत कापडी मांडव. पन्नासेक बायका कोपरापर्यंत पिवळ्या झालेल्या. मी टेबलामागे उभी राहिले, पहिलं गाणं लावलं, बायका नाचायला लागल्या, आणि मला वाटलं की आता आपण कोणीतरी आहोत.

दुसरं गाणं कानात घेतलं. पट्टी सरकवली. बसलं असं वाटलं. बाहेर आणलं, आणि दोन ढोल एकमेकांवर कोसळले. मी घाईने चकती ढकलली, ती नेमकी उलट्या बाजूला. आणखी बिघडलं. कोण पुढे आहे आणि कोण मागे, काहीही कळेना. पहिल्या आठवड्यात होते तशी झाले होते मी. बायकांचे हात हवेतच थांबले. कोणीतरी हसलं. पुढे बसलेल्या एका म्हातारीने माझ्याकडे मान वळवून अगदी काळजीने विचारलं, "काय झायं वं, मशीन बिघडनं का?"

काकांनी मागून हात घालून आवाज खाली घेतला आणि एक नवं गाणं सुरुवातीपासून लावून दिलं. उरलेला वेळ तेच उभे राहिले. मी बाजूला वायरचं भेंडोळं हातात घेऊन उभी होते. वायर तशी धरायची काही गरज नव्हती.

परतताना टेम्पोत मी सगळ्यांना दोष दिला. स्पीकर लांब होते, ऊन लॅपटॉपवर पडत होतं, यंत्र जुनं आहे. काका गाडी चालवत राहिले. उधना दरवाजा ओलांडल्यावर एवढंच म्हणाले, "कान आजून वला शे तुन्हा." ओला, कच्च्या लाकडाला म्हणावं तसं. मला त्यांचा एवढा राग आला की उतरताना मी येते असंही म्हणाले नाही.

खरी चीड पुढे आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत तीच दोन गाणी लावली आणि ती एका झटक्यात बसली. पुन्हा लावली, पुन्हा बसली. मग दुसरी दोन. मला वाटलं की मी लोकांना घाबरते. घाबरट म्हणून जगायची तयारी करत मी आठवडाभर सराव केला. एकदाही चुकले नाही.

एका संध्याकाळी दोन गाणी सुरेख एकत्र चालली होती आणि वीज गेली. दिवा गेला, पंखा मंदावला. लॅपटॉप बॅटरीवर होता, माझा छोटा स्पीकरही चार्जिंगवरचा, त्यामुळे गाणी चालूच राहिली. भिंतीपलीकडचे लूम मात्र धापा टाकत एकेक करून थांबले. शेवटचा थांबला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझा सांधा ऐकला. तो फाटत चालला होता. दुसरं गाणं पुढे पळत होतं, आणि त्याला मागे ओढायचं की आणखी ढकलायचं हे मला समजेना. हाताला काही सांगणारंच कोणी उरलं नव्हतं.

मी मोबाइलचा उजेड यंत्रावर टाकला. वेगाची पट्टी जिथे थांबली होती तिथे खाचेच्या कडेचा रंग उडून पांढरा पट्टा पडला होता. माझ्या बोटाच्या रेट्यानेच. आमच्या लग्नाच्या गाण्यांचा मूळ वेग जवळपास सारखाच, तरी कुठलंही गाणं घेतलं की पट्टी मधली जागा सोडून शेवटी त्याच्या आसपासच येते, हे मी आधीही पाहिलं होतं आणि माझा हात बसला म्हणून खूश झाले होते. हात कसला बसतोय. मी प्रत्येक गाणं घेऊन भिंतीपलीकडच्या सगळ्यात जवळच्या लूमच्या खटखटीला नेऊन लावत होते. पहिलं गाणं लूमला, दुसरंही लूमला. दोन्ही त्याच्याशी जुळली की आपसात जुळणारच. मी त्या दोन गाण्यांना एकमेकांचं कधी ऐकूच दिलं नव्हतं. आणि ज्या आवाजाबद्दल मी सगळ्यांना सांगायचे की आम्हाला तो ऐकू येत नाही, तोच माझं सगळं काम करत होता.

मी अंधारात बसून हसले आणि मग रडले. कामरेजमध्ये लूम नव्हते, उसाची शेतं होती. एवढी साधी गोष्ट.

त्यानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. लूम चालू असताना सराव करून उपयोग नव्हता, कारण आता माहीत होऊनही कान तिकडेच जायचा. उरला एकच दिवस, रजेचा. स्पीकर लावायचा नव्हता, म्हणून मी एक गाणं डाव्या कानात आणि दुसरं उजव्या कानात घेतलं आणि दार लावून बसले. आईच्या फोनची वेळ हीच होती. मी तिला सांगितलं की आता रजेच्या दुपारी जमणार नाही, संध्याकाळी दहा मिनिटं करेन. ती म्हणाली, "सुट्टीना दिवसबी टाइम नही का तुले?" तिला वाटलं असेल की मला कोणी भेटलंय. भेटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रजेच्या दुपारी फार एकटं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतर दिवशी खोलीत निदान तो आवाज असायचा. भिंतीपलीकडे कोणीतरी धागा तुटला म्हणून लूम थांबवतंय, जोडून पुन्हा सुरू करतंय, हे न बघता कळायचं. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, पण त्याची जेवणाची वेळ मला माहीत होती. रजेच्या दिवशी तोही नसायचा. मी, आणि दोन कानांत भांडणारी दोन गाणी. कधीकधी तीन-चार तास मी तोंडातून एक शब्दही काढलेला नसायचा, आणि संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना आवाज घोगरा यायचा.

कोण पुढे, कोण मागे, हे मी शेवटी भाजी चिरायला शिकतात तसं शिकले, बोट कापून घेत. एका बाजूला थोडं ढकलायचं. वाईट झालं तर दुसऱ्या बाजूला. हजार वेळा. मग एक दिवस ढकलायच्या आधीच कळायला लागलं. मग ढोलकीवाल्याच्या मागे जायला लागले. तो तापायला लागला की त्याच्या आधी श्वासभर मलाच अंगात कळायचं, आणि बोट त्याच्याबरोबर सरकायचं. एका दुपारी दोन खान्देशी गाणी, दोन वेगळ्या ढोलकीवाल्यांची, अख्खं कडवंभर एकमेकांना धरून चालली. मी मान वर केली. कोणाला तरी सांगायचं म्हणून चक्क मागे वळून बघितलं. हेडफोन काढला तर खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. खोलीच्या दृष्टीने काहीच घडलेलं नव्हतं.

पुढच्या लगीनसराईत पांडेसऱ्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. हळदीचं काम मी काकांकडून मागून घेतलं. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसती मान हलवली. आई तीन दिवस आधीच आली. ठरल्याप्रमाणे बघायला.

तिने खोलीभर नजर फिरवली. भांड्यांच्या जाळीत एक ताट, एक वाटी, एक पेला. ती त्या जाळीकडेच बघत राहिली. "येकलीच जेवस?" मी हो म्हटलं. "मंग कोना संगे बोलस?" मी म्हटलं, तू हळदीला ये, मी काय करते ते बघ, मग ठरव. ती म्हणाली की तिकीट तिने दोघींचं काढलंय, पण बघते.

हळद सोसायटीच्या गल्लीत होती, दोन्ही तोंडांना मांडव घालून. चारला सुरू झाली. काकांनी वायरी जोडून दिल्या आणि मला काही न सांगता चहा प्यायला निघून गेले. पहिले दोन सांधे सिनेमाच्या गाण्यांचे होते, ते बसले. मग बायकांनी आमची गाणी मागितली.

आई तोवर खुर्चीवर बसून होती. पहिलं खान्देशी गाणं लागलं आणि मावशीने तिला हात धरून ओढलं. गुडघे दुखतात म्हणत ती उठली, आणि दोन मिनिटांत पदर खोचून मधोमध होती. मी तिला नाचताना कधी पाहिलं नव्हतं. वडिलांची पाळी, आमचे डबे, तिला नाचायला वेळ कधी होता? तिच्या गालावर कोणीतरी हळदीचा पंजा उमटवला होता.

तिसरं कडवं आलं. बाहेरचा ढोलकीवाला पळायला लागला. कानात दुसऱ्या गाण्याचा ढोलकीवाला अजून सावकाश. मी पट्टी सरकवली, चकतीवर बोट ठेवलं, आणि त्या दोघांना एकमेकांजवळ आणलं. बसले. मी दुसरा हळूहळू वर घेतला. बाहेरचा तापत गेला तसं माझं बोट सरकत गेलं. मी आईच्या पायांकडे बघत होते. फक्त तिच्या पायांकडे. जुनं गाणं संपलं, नवं सुरू झालं, आणि तिचा पाय ज्या ठोक्यावर पडायचा होता त्याच ठोक्यावर पडला. मग पुढच्यावर. कोणाचाही हात हवेत थांबला नाही. माझे डोळे भरून आले आणि समोरचं सगळं पिवळं झालं. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झालेला नाही, हे मी आजही सांगेन.

मी मान वर केली. मांडवात एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता.

हळद सातपर्यंत चालली. सोळा सांधे झाले. संपल्यावर आई नळाखाली हात धूत होती, मी शेजारी टॉवेल घेऊन उभी राहिले आणि विचारलं, कसं वाटलं?

"भू नाचनू वं माय," ती हसत म्हणाली. "पाय दुखी ऱ्हायनात."

आणि माझं काम?

तिने खरंच विचार केला. उगाच कौतुक करण्यातली ती नाही, आणि वाईट वाटावं म्हणून बोलण्यातलीही नाही. "तुन्हं कसानं काम? तू ते नुसती उभीच व्हती. गानं आपलं चालूच व्हतं."

मी टॉवेल तिच्या हातात दिला. तिने हात पुसले, माझ्या गालावर बोट लावून हळद आहे का बघितलं, नव्हती. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "चाल आते घर. आठे येकली काय करशी?"

मी येत नाही म्हणाले.

"कसाले?" तिने विचारलं, आणि ती उत्तराची वाट बघत थांबली. मला उत्तर येत होतं. ते तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या पायांखाली, सोळा वेळा घडलं होतं, आणि तिला ते दाखवायचं तर मला एकदा तरी मुद्दाम चुकावं लागलं असतं.